सात नंबरची आणि बाजारचा ताप

मित्रांनो, मी जुनी आहे हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते नाक मुरडून सांगायची तसदी नको. राळेगावच्या अलीकडे डांबरी रस्त्याला लागून एक जिनिंग आहे. तिथे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या चोवीस मशिनी ओळीने उभ्या आहेत. त्यातली मी सातवी. अक्षर मला येत नाही. अंगावर पांढऱ्या रंगाने काढलेला सातचा आकडा तेवढा ओळखते. सगळे मला 'सात नंबरची' म्हणतात आणि मला तेच आवडतं.

माझं अंग ओतीव लोखंडाचं. आजकालच्या पत्र्याच्या पोरींसारखी मी नाही, की बोट लावलं की पोचा. पोटात चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ आहेत, त्यांच्या तोंडाशी पोलादी सुरी. कापूस आत आला की रूळ त्याची रुई ओढून घेतात, सुरी सरकीला तिथेच अडवते. सरकी जाळीतून खाली टपटप पडते आणि पलीकडे रुई निघते, न्हाऊन उन्हात बसलेल्या म्हातारीच्या केसांसारखी. ट्रकमधून मला उतरवलं तेव्हा माझा हिरवा रंग असा काही झळकत होता की मालकाची बायको घरातून बघायला आली होती. त्या पहिल्या हंगामात बाकीच्या मशिनी रोज अडून बसायच्या. मी एक दिवस अडले नाही. तेव्हापासून मालकांनी रीत पाडली, की दसऱ्याला पहिला नारळ सात नंबरपुढे फुटेल. त्यांच्या मागे मुलाने, म्हणजे मारोतरावांनीही ती चालवली.

पण नारळापेक्षा मोठी गोष्ट माझ्याकडे होती. माझ्याकडे बेबीताई होती.

बेबीताई बाभुळगावकडून इकडे लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच वर्षी माझ्यासमोर उभी राहिली. मशीनच्या तोंडात कापूस घालायचं काम बायांचं. मुठीत किती घ्यायचा, कुठे पसरायचा, खडा लागला तर हात कसा मागे घ्यायचा, हे तिला कोणी शिकवलं नाही. ते तिच्या बोटांतच होतं. चार वर्षांपूर्वी बाकीच्या तेवीस जणींना कापूस घालणारे पट्टे बसले. मी खांबाला खेटून उभी, माझ्यापाशी पट्ट्याला जागा नाही. त्या तेवीस जणींना वाटलं, सात नंबरची मागे पडली. मी मनात म्हटलं, खा बायांनो पट्ट्यावरचं. मला माझी बेबीताई हाताने घास भरवते.

ती माझ्याशी बोलायची. सकाळी बटण दाबायच्या आधी पदराने माझं कपाळ पुसायची आणि म्हणायची, "चाल वं माय, लाग कामाले. तुले मी आन् मले तू."

आता त्या तापाचं सांगते. आमची जिनिंग आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी बंद असते. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं की दुपारनंतर बायांना कणकण यायची. अंग मोडायचं, छाती आवळल्यासारखी व्हायची, कोरडा खोकला उठायचा. तिसऱ्या दिवशी सगळं आपोआप ओसरायचं. बायांनी त्याला नावच ठेवलं होतं, बाजारचा ताप. बेबीताईची सासू तर शपथेवर सांगायची, "बाजारात गेली का भजे हादडते, त्याचाच ताप हाये." बेबीताईने दोन वर्षं भजी सोडली. ताप काही सुटला नाही. मग सासूने जिलेबीवर संशय घेतला.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. खूप वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी अंगणातल्या कापसाच्या गंजीने पेट घेतला होता. त्या धसक्याने बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गंजीवर हौदाचं पाणी मारायचं ठरलं. हौद हिरवागार, शेवाळलेला. नळीने पाणी मारायचं, गंजी ओली करून ठेवायची आणि निर्धास्त घरी जायचं. दोन रात्री ती गंजी आतून कोमट होऊन मुरायची. हात घातला तर वाफ लागायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तोच कापूस सगळ्यात आधी माझ्या तोंडात यायचा, कारण मी दाराच्या सगळ्यात जवळ. त्याला कुबट वास यायचा. मला कोण विचारतं? मी गिळत होते आणि धूळ बेबीताईच्या तोंडावर उडवत होते.

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर ती आली.

धूळ ओढायची मशीन. आली काय, नवरदेवासारखी क्रेनवर बसून आली. भिंतीबाहेर तिचं धूड, कापडाच्या लांब पिशव्या लोंबणाऱ्या, आणि तिथून पत्र्याचे पाइप आत येऊन प्रत्येक मशीनच्या तोंडावर कर्ण्यासारखा एकेक चोंगा. मी तिचं नाव चोंगेवाली ठेवलं. कामधंदा काही नाही, नुसती हवा ओढायची. कापसाचा एक घास खात नाही, एक सरकी काढत नाही, आणि रुबाब पाटलिणीचा!

दसऱ्याला मारोतराव नारळ घेऊन आले. मी कपाळ पुढे करून उभी. ते माझ्यासमोरून सरळ निघून गेले आणि नारळ चोंगेवालीपुढे फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेबीताईनेही वाजवल्या! मला खोबऱ्याचा तुकडा मिळाला, तोही उरलेला.

तेवढंही गिळलं असतं. पण हंगाम सुरू झाला आणि बेबीताई रोज सकाळी आधी त्या चोंग्याकडे बघून हसायला लागली. हात वर करून तो बरोबर बसलाय का पाहायची. देवीलाल मिस्त्रीला म्हणायची, "भाऊ, लय बेस झालं. दिवसभर मोकळं वाटते." देवीलाल यूपीकडचा, इथे वीस वर्षं राहून त्याची बोली ना तिकडची राहिली ना इकडची झाली. तो म्हणायचा, "बाई, ये मशीन नाही, तुमच्या फेफड्याची पहरेदार आहे."

पहारेदार म्हणे. इतकी वर्षं उन्हातान्हात तिच्यासोबत उभी कोण होती?

कशाला खोटं बोलू, मित्रांनो, मी जळत होते. माझ्या रुळांवर चामडं तापतं तेव्हा वास येतो ना, तसा माझ्या पोटातून वास येत होता. त्या आठवड्यांत बेबीताईला बाजारचा ताप आला नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला फक्त तिचं हसू दिसत होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं.

मग मी थरथरायला लागले. जुन्या अंगाला थरथर असतेच, पण मी ती वाढू दिली. एका रुळाची चकती झिजली होती, मी तिला आणखी वाकडी फिरू दिली. माझ्या थरथरीने खांब हले, खांबाने पाइप हले आणि माझ्या डोक्यावरच्या चोंग्याला जिथे पट्टी आवळून पाइप जोडला होता, तिथला बोल्ट एकेक आटा ढिला होत गेला. देवीलाल म्हणतो, मशीन मुद्दाम काही करत नसते. म्हणो बापडा. मला ठाऊक आहे. एके दिवशी पट्टी सटकली आणि पाइप बोटभर बाजूला सरला. चोंगा दिसायला होता तिथेच होता, ओढत मात्र काही नव्हता. खालून कोणाला ते कळलंही नाही. मी आतल्या आत खूश. घे, आता ओढ हवा!

त्यानंतरचा बाजार गेला. आदल्या संध्याकाळी गंजीवर पाणी मारलंच होतं, आणि त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त, कारण ऊन तापलं होतं. दुसऱ्या दिवशी तो कापूस माझ्या तोंडात आला. धूळ अशी उठली की समोरची बाई दिसेना. बेबीताईने पदर नाकाला लावला. दुपारी तिने एकदा माझ्या अंगावर हात टेकला. वाटलं, लाडाने टेकला. तो लाड नव्हता. तिला उभं राहवत नव्हतं.

"काय झालं वं?" शेजारच्या मशीनचा पट्टा बघणाऱ्या इंदुताईने ओरडून विचारलं.

"काही नाही. थंडी वाजून राह्यली."

"भर उन्हात?"

बेबीताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी खोकला आला आणि तो थांबेना. छातीवर हात धरून ती खालच्या सरकीतच बसली. ओठ काळवंडले होते. देवीलालने धावत येऊन माझं बटण बंद केलं. मारोतरावांच्या गाडीतून तिला यवतमाळला नेलं. मी थांबले होते, पण माझे रूळ अजून अर्धा फेरा फिरत राहिले. नको असताना फिरले.

पुढचे दिवस माझ्यासमोर कोणी उभं राहिलं नाही. मोटर बंद. पहिल्या दिवशी मी फुगून बसले, की बघा, माझ्यावाचून अडतं ना! दुसऱ्या दिवशी इंदुताई कोणाला तरी सांगत होती, "नळी लावून ठेवली म्हन्ते तिले. श्वास पुरेना." तेव्हा माझ्या पोटातलं तेल गार पडलं.

त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली. आमची रुई ज्या कारखान्यात जाते, तिथे तिचा दवाखान्यात लागणारा कापूस करतात. ऑपरेशनच्या वेळी जखमेत ठेवायचे बोळे वगैरे. त्यांनी आमचा सगळा माल परत केला. सोबत त्यांच्या तपासणीच्या खोलीतली एक मुलगी पाठवली, मैत्रेयी नावाची. इथलीच, बाभुळगावची. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, हातात काचेच्या नळ्यांचा डबा. मारोतराव तिच्यामागे मागे.

"मॅडम, माल धुतला ना तुमी? उकळला? वाफेत घातला? मंग जंतू उरतेत कसे?"

"जंतू नाही उरले, काका. एकही जिवंत नाही."

"मंग भानगड काय हाय?"

मैत्रेयीने कापसाची एक चिमूट उचलली. "ओल्या कापसात जे जंतू वाढतात नं, त्यातल्या काहींच्या कातडीतच विष असते. त्याले एंडोटॉक्सिन म्हणतात. जंतू मेला का कातडी फुटते आन् ते विष मोकळं होते. जंतू उकळून मरते. विष नाही मरत."

कोपऱ्यात उभा देवीलाल म्हणाला, "मतलब, सुंभ जळाला पर पीळ राहिला."

"अगदी तसंच, भाऊ."

मग तिने सांगितलं ते मी अक्षर येत नसताना पाठ केलं. हे विष श्वासातून छातीत गेलं की अंगाला वाटतं, शत्रू घुसला. अंग आपली सगळी फौज बाहेर काढतं, ताप चढवतं, छाती आवळतं. रोज थोडं थोडं गेलं की अंग सोसायला शिकतं, एक दिवस सुट्टी झाली की ते विसरतं, म्हणून सुट्टीनंतरच्या दिवशी तडाखा जास्त. वर्षानुवर्षं असं चाललं तर छाती कायमची आखडते. आणि तेच विष कापसाच्या बोळ्यातून, सुईतून, सलाइनमधून थेट रक्तात गेलं तर माणूस हुडहुडी भरून कोसळतो, जिवावर बेततं. म्हणून दवाखान्याच्या मालात ते मापाच्या वर चालत नाही.

"भट्टीत तापवा मंग, लय कडक," मारोतराव म्हणाले.

"काचेचं भांडं तसं तापवता येते, काका. उकळत्या पाण्याच्या अडीचपट कडक, कोरड्या भट्टीत, अर्धा तास. कापूस त्यात कोळसा होईन. म्हणून कापसात ते येऊच द्यायचं नाही. दुसरा इलाज नाही."

 

मैत्रेयीने प्रत्येक मशीनखालची धूळ वेगवेगळ्या पुडीत घेतली, नंबर टाकले आणि गेली. तीन दिवसांनी परत आली. तिच्याकडचं औषध म्हणे समुद्रातल्या एका खेकड्यासारख्या जनावराच्या निळ्या रक्तापासून करतात. विष असलं की ते नळीत थिजतं, नळी उलटी केली तरी पडत नाही. त्या जनावराचाही मला हेवा वाटला. समुद्रात राहून त्याचं नाव राळेगावपर्यंत आलं आणि माझं नाव आता कशासाठी निघालं ते ऐका.

"काका, सगळ्यात जास्त विष सात नंबरखाली हाये. बाकीच्यांच्या कितीतरी पट."

चोवीस मशिनींसमोर माझं नाव घेतलं गेलं. पहिल्या नारळाची मानकरी मी! त्या तेवीस जणी माझ्याकडेच बघतायत असं वाटलं.

देवीलाल शिडी लावून वर चढला. चोंग्याला हात लावला तर तो हातात आला.

"अरे बाप रे! पाइप तो कबका निकला है. बेबीबाईच्या डोक्यावर हा नुसता शोभेचा होता."

"कसा निघला?" मारोतराव ओरडले.

देवीलालने माझ्या अंगावर तळहात ठेवला, डॉक्टर नाडी बघतो तसा. "इसकी थरथर. रूळ घिसलाय. मेरी गलती, मालिक. मैंने देखा नहीं."

तो माझ्या पापाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेत होता आणि मला 'भाऊ, चूक तुझी नाही' म्हणायला जीभ नव्हती. मित्रांनो, मशीनला तोंड असतं, पण ते खायचं. बोलायचं नसतं.

मग मैत्रेयीने अंगणातल्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन मागे घेतला. "हे गरम काहून आहे? पाणी कोण मारते याच्यावर?"

"पाणी नाही मारलं तं गंजी पेटते ना, पोरी!" मारोतराव म्हणाले. "आमच्या बाबांपासूनची रीत हाय."

"काका, ओली गंजी आतून तापते. तुम्ही आग विझवत नाही, विष शिजवत आहा. आन् ते पाणी कुठलं? हौदाचं?" ती हौदापाशी गेली, बोटाने शेवाळ उचललं आणि मारोतरावांसमोर धरलं.  मारोतराव डोक्यावरची टोपी काढून बराच वेळ हातात फिरवत राहिले. मोठा माणूस लाजलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्या दिवसापासून नळी बंद झाली. गंजी लहान लहान केल्या, मध्ये वाट ठेवली, वर ताडपत्री, बाजूला वाळूच्या बादल्या आणि आग विझवायचा पंप. हौद उपसून घासला. माझा रूळ बदलला, थरथर गेली. चोंगा दुहेरी पट्टीने आवळला. बायांना चांगले मास्क दिले, नुसता पदर नाही. आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपार झाली, संध्याकाळ झाली, एकीलाही कणकण आली नाही. इंदुताई म्हणाली, "आता सासूले सांगा, जिलेबी निर्दोष हाये."

बेबीताई महिन्याने आली. मी दुरूनच तिची चाल ओळखली. थोडी सावकाश झाली होती. ती माझ्याकडे येईल, कपाळ पुसेल, म्हणून मी नव्या रुळासकट ताठ उभी राहिले. ती आली, पण दारापर्यंतच. मारोतरावांनी तिला तिथेच थांबवलं.

"बेबीताई, डॉक्टरनं काय सांगतलं? धुळीत पाय नाही ठेवायचा."

"मालक, इतके वर्सं माझी मशीन..."

"मशीनले दुसरी बाई भेटन. तुमाले दुसरी छाती कुठून आणू?"

तिने दारातूनच माझ्याकडे बघितलं. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते. मग तिने मान हलवली. तिला फाटकावर काम दिलं. हातात ओलावा मोजायचं छोटं यंत्र, दोन काटे असलेलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या कापसात ते खुपसायचं, आकडा बघायचा, ओला असेल तर गाडी वाळवायला परत पाठवायची. बाई शाळेत दोन इयत्ता गेलेली, पण आकड्याला चुकत नाही.

आणि ते मेलं मूठभर यंत्र दिवसभर तिच्या हातात असतं! दुपारी जेवताना ती ते पदराने पुसते आणि डब्याशेजारी ठेवते. माझं कपाळ आता एक नवी पोरगी पुसते, कधी पुसते, कधी विसरते. तिची मूठ अजून बसलेली नाही. घास मोठा भरवते.

पण परवा काय झालं सांगते. एक जण ट्रॅक्टरभर कापूस घेऊन आला. बेबीताईने काटे खुपसले आणि म्हणाली, ओला आहे. तो माणूस आवाज चढवून भांडायला लागला. "तू कोन वं, मालक हायेस का?" मग बेबीताईने जे सुरू केलं! त्याच्या कापसापासून त्याच्या अकलेपर्यंत, फाटकापासून अख्ख्या अंगणभर, एका दमात. मध्ये खोकला नाही, थांबणं नाही, छातीला हात नाही. चोवीस मशिनींच्या खडखडाटातून तिचा आवाज माझ्यापर्यंत खणखणीत आला. त्या माणसाने ट्रॅक्टर वळवला. मी त्या दिवशी सरकी अशी टपाटप टाकली की देवीलालने वाकून बघितलं.

मित्रांनो, तुमच्या घरचं कोणी जिनिंगला, गोदामात, धान्याच्या धुळीत कामाला जात असेल, तर सुट्टीनंतरच्या तापाला भजी-जिलेबीचं नाव देऊ नका. डॉक्टरला काम काय ते सांगा. ओलं साठवू नका. स्वच्छ दिसलं, उकळलं, वाफवलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मेलेल्याचंही विष असतं. आम्हा जुन्या मशिनींची थरथर वेळेवर बघत चला, कारण आमच्या पोटात काय चाललंय ते आम्ही सांगत नाही.

आणि भिंतीबाहेर ती चोंगेवाली उभी आहे. तिच्या पिशव्या भरल्या की तिची ओढ कमी होते. तोंड बांधून, वेळच्या वेळी, त्या झाडत जा. तिचं कौतुक मला आजही बघवत नाही. मी तोंड फिरवून घेईन. तुम्ही झाडा.